वेणूबाईंचे बारा दगड

...तर ती बाई मला म्हणाली, "ओ आजोबा, ती बाटली आधी खाली ठेवा."

काल इथपर्यंतच आलो होतो ना आपण? मधेच चहा आला, मी पोस्टातल्या सायकलीच्या गोष्टीत शिरलो आणि बाई राहिली टेकडीवर तशीच उभी. माझं हे असंच होतं. आमची ही होती तोवर म्हणायची, तुम्ही गोष्ट सांगायला घेतली की चुलीवरचा भात करपतो. असो. थोडं मागून घेतो, म्हणजे काल जे नव्हते त्यांनाही कळेल.

पुरंदर तालुक्यातलं आमचं गाव. तिथल्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो आणि पुढं तेहतीस वर्षं पाच गावांत डाक वाटली. ही गेली तेव्हा मुलगा म्हणाला, दादा, आता इथं एकटे काय करणार, चला पुण्याला. आलो. बिबवेवाडीत सहाव्या मजल्यावर बिऱ्हाड. खिडकीतून समोर टेकडी दिसायची. मी तेहतीस वर्षं चाललेला माणूस, मला लिफ्टमध्ये कसं करमणार? तिसऱ्या दिवशी सकाळी टेकडी चढलो आणि वर मला 'बाटली मंडळ' भेटलं.

म्हणजे नाव तसं नाही हो, नाव मोठं संस्कृत आहे, पाटीवर दोन ओळींत बसतं. मी आपला बाटली मंडळ म्हणतो. रीत अशी, की सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकानं घरून एक लिटरची बाटली भरून आणायची, वर आपल्या रोपाला ओतायची आणि रिकामी बाटली हलवत खाली उतरायचं. प्रत्येक रोपाला पत्र्याची छोटी पाटी. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, चि. तमुक याच्या वाढदिवसानिमित्त. बँकेतून निवृत्त झालेले साहेब, डॉक्टरीणबाई, सगळे ओळीनं बाटल्या घेऊन चढताहेत. मला तर देवळात आल्यासारखं वाटलं.

मंडळाचे प्रमुख आमोदराव. निवृत्त इंजिनिअर, पांढरी टोपी, पांढरे बूट, बोलणं अत्यंत गोड. ते म्हणाले, "काका, आत्ता रोप शिल्लक नाही. पावसाळ्यात आपल्याला एक देऊ." पण मला कुठला धीर! हिच्या नावानं काहीतरी करायचं मनात घेतलं होतं. मी हिंडत हिंडत टेकडीच्या अगदी माथ्यावर गेलो. तिथं झाडी संपून गवत सुरू होतं. त्या कडेला एक वीतभर रोप मला दिसलं. पाटी नाही, आळं नाही, अनाथ. म्हटलं, हौसा, हे तुझं.

शिमग्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत मी त्याला रोज पाणी घातलं. एक दिवस चुकलो नाही. आणि त्या दिवशी बाटलीचं झाकण काढतोय तोच ही बाई समोर. सत्तरीच्या पुढची, काटक, फिकी निळी सहावारी, डोक्यावर पदर, पायात कुणाचे तरी जुने बूट आणि हातात खुरपं.

"ओ आजोबा, ती बाटली आधी खाली ठेवा."

ठेवली. आवाजच तसा होता.

"कुनाच्या नावानं घालताय पानी?"

"आमच्या मंडळींच्या. हौसाबाई."

"चांगल्या हुत्या का?"

"चांगल्या म्हणजे काय! लाखात एक."

"मंग त्यांच्या नावानं उंदीरमारी कशाला वाढवताय?"

एवढं बोलून तिनं वाकून माझं रोप बुडाशी धरलं, एक पीळ दिला आणि उपटलं की हो! सहा आठवड्यांचं पाणी! मी काय बोललो ते आता सांगत नाही, नातवंडं बसली आहेत. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि ते रोप माझ्या हातावर ठेवलं. "बघा. वर वीतभर आन् खाली हातभर. एवढं पानी मला कुनी पाजलं असतं तर मीबी वाढली असती."

आणि मी ते मूळ बघितलं आणि एकदम आठवलं. आमच्या गावाला कुरण होतं. कुरण म्हणजे गवतासाठी राखून ठेवलेला माळ. दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजी आम्हां पोरांना तिथं न्यायचे, गवतात उगवलेली बाभळीची पोरं उपटायला. जो जास्त उपटेल त्याला गुरुजींच्या घरचा लाडू. कुरणात झाड राहू द्यायचं नाही, हे मला दुसरीत असल्यापासून ठाऊक. गावात असतो तर ते रोप मीच उपटलं असतं. पुण्यात आलो, चार शिकलेल्या लोकांच्या हातात बाटल्या बघितल्या आणि माझी अक्कल गहाण पडली.

मी विचारलं, "बाई, हे तुमचं कुरण आहे का?"

"माजं कशाचं? पर मीच बघती."

ती वेणूबाई. त्या दिवसापासून मी बाटली नेत होतो ती फक्त स्वतःला प्यायला.

त्यांची गोष्ट मला एका बैठकीत नाही कळली. तीन वर्षं, रोज सकाळी तासभर, वाकून रोपं उपटता उपटता तुकड्या-तुकड्यानं कळली. उंदीरमारी म्हणजे ते गुलाबी फुलांचं झाड, गिरिपुष्प म्हणतात. फेब्रुवारीत सगळी पानं गाळतं आणि अंगभर फुलतं. आमची नात पूर्वा मैत्रिणींना घेऊन मुद्दाम फोटो काढायला यायची. म्हणायची, "आजोबा, इट्स लाइक जपान!" मी वेणूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जपानात न्या म्हनावं मंग."

वेणूबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन बिबवेवाडीत आल्या, तेव्हा इथं कोथिंबिरीचे आणि मेथीचे मळे होते. सासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. घरात भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली खुंटीला सासूचा विळा. सासू चंद्रभागा, टेकडीवरचं गवत कापून विकणारी. तिनं सुनेला पहिल्या वर्षी विळा हातातच दिला नाही. नुसतं मागं हिंडवलं. दसरा झाला की रोज एक ओंबी सैल मुठीतून ओढायला लावायची. मुठीत दाणा आला तर म्हणायची, "चल घरी." असं पंधरा-वीस दिवस. ओंबी रिकामी लागली की मगच कापणी. पुढच्या वर्षीचं गवत आधी जमिनीत पडू द्यायचं, मग या वर्षीचं कापायचं, एवढा साधा हिशेब. वेणूबाई मला ते करून दाखवायच्या. पवन्या गवत वेगळं, मारवेल वेगळं, आणि कुसळी तर डोळे मिटूनही कळायची, कारण ती मोज्यात शिरायची. बाटली मंडळातले लोक कुसळांना भयंकर वैतागत. एक बाई तर म्हणाली होती, "टेकडीचा हा भाग फारच अनमेंटेन्ड आहे!"

नवरा पोपट मार्केट यार्डात हमाल. बैलगाड्या यायच्या तेव्हा. वेणूबाई सकाळी भारा बांधून डोक्यावर घेत आणि टेकडीवरून थेट यार्डात उतरत. तिथं बैलांपुढं गवत पडायचं आणि गाडीच्या सावलीत नवरा-बायको भाकरी खायचे. "आमचं फिरायला जानं तेवढंच," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. उरलेले भारे गवळ्यांच्या गोठ्यांना. त्या गवतावर त्यांनी मुलगा वाढवला, शिकवला. बुद्धभूषण त्याचं नाव. एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, आईशी फार कमी बोलतो पण आईचे गुडघे दुखतात म्हणून आपले बूट तिला देतो. ते जुने बूट त्याचेच.

आता खरी मेख ऐका. एके दिवशी मी सहज विचारलं, "वेणूबाई, ही उंदीरमारी इथं आणली तरी कुणी?"

त्या उपटायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "म्या."

चौऱ्याऐंशी साल. टेकडी बोडकी दिसते म्हणून झाडं लावायची ठरलं. वस्तीतल्या बायकांना रोजानं काम मिळालं. मुकादमानं ट्रकभर काठ्या आणून टाकल्या. म्हणाला, बाई, नुसती काठी रोवा, कुठंही येते, गुरं तोंड लावत नाहीत. बायकांनी रांगा धरून काठ्या रोवल्या. तीन उन्हाळे खालून डोक्यावर हंडे वाहून त्या जगवल्या. वेणूबाई सगळ्यांत पुढं, त्यांची रांग सगळ्यांत सरळ. "लई आनंद वाटायचा दादा. पालवी फुटली की आमी एकमेकींना हाका मारून दाखवायचो."

तोवर मी आजोबाचा दादा झालो होतो, हे सांगायचं राहिलंच.

बरं, तीसेक वर्षं झाडं खालच्या अंगाला मुकाट राहिली. माथ्यावर मुरूम, माती वीतभर. एप्रिलमध्ये शेंगा तडातडा फुटायच्या, बी उडून माथ्यावर यायचं, पावसात उगवायचं, आणि पुढच्या चैत्र-वैशाखात करपून जायचं. दरवर्षी. उन्हाळा कुरण राखायचा, माणसाला काही करावं लागायचं नाही. पण पुढं उन्हाळ्याचं काहीतरी बिघडलं. ऊन तर वाढलं, विचारू नका, सहाव्या मजल्यावर आमच्या भिंतीला हात लाववत नाही. पण मधेच नोव्हेंबरात पाऊस, मार्चात पाऊस, मेमध्ये तर धो-धो. करपायला आलेलं रोप पुन्हा डोळे उघडतं. एक उन्हाळा निभावला की त्याचं मूळ मुरमात जातं आणि मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. झाडं टेकडी चढायला लागली.

वेणूबाईंना हे दोन हजार तेरा साली पहिल्यांदा जाणवलं. कापणी संपली तेव्हा नेहमीपेक्षा एक भारा कमी भरला. म्हणून त्यांनी काय केलं, तर सावली जिथं संपते आणि गवत जिथं सुरू होतं तिथं एक दगड ठेवला. डोक्याएवढा, वरून चुना मारून. पुढच्या दिवाळीला बघतात तर दगड झाडीच्या आत. गवताच्या कडेला दुसरा ठेवला. मग तिसरा. पोपटराव गेले त्या वर्षीही त्यांनी दुखवटा न धरता दगड ठेवला, कारण कापणी थांबत नाही. मी भेटलो तेव्हा नऊ दगड होते.

मी पोस्टमन, मला अंतरं पावलांनी मोजायची सवय. पहिल्या दगडापासून दुसरा चार पावलं. दुसऱ्यापासून तिसरा चार. मग सहा, मग नऊ. चोविसाच्या दिवाळीला आम्ही दोघांनी बारावा ठेवला तेव्हा अकरावा एकोणीस पावलं मागं, उंदीरमारीच्या गचपणात. तिथं उभं राहून खाली बघितलं तर जमिनीवर गवताची एक काडी नाही, नुसता पाचोळा. आणि वर आमचं गवत उरलं होतं ऐंशी पावलं लांब, साठ पावलं रुंद. संपूर्ण टेकडीवर तेवढंच. त्यात एक चंडोलाची जोडी राहायची. नर सरळ वर जायचा, गात गात, आणि दगडासारखा खाली पडायचा. वेणूबाई त्याला "आमचा शायर" म्हणायच्या.

मी एकदा म्हटलं, "अहो, आता बैल नाहीत, गोठे नाहीत. हे गवत कुणासाठी?"

"एक म्हातारा गवळी हाय, दोन म्हशी हायत. त्याला चार भारं."

"चार भाऱ्यांसाठी एवढं?"

"दादा, म्या लावली ना ती. मंग मीच नको का बघायला?"

त्यानंतर मी तो प्रश्न विचारला नाही. शंभर उपटली की दीडशे उगवायची, हे दोघांनाही दिसत होतं. त्यांचे गुडघे, माझी कंबर. आम्ही दोघं मिळून एक धड माणूस होत नव्हतो.

आणि मग माझं तोंड उघडलं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमोदरावांनी जाहीर केलं, की पर्यावरणदिनाला माथ्यावरच्या 'मोकळ्या जागेत' तीनशे झाडं लावायची. वड, पिंपळ, कडुनिंब, सगळी देशी. त्यासाठी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक. मी वेणूबाईंना म्हटलं, चला, आपण सांगू. त्या गवताची एक पेंढी घेऊन आल्या. चपला बाहेर काढून पहिल्याच रांगेत बसल्या.

आमोदराव आदबीनं म्हणाले, "आजी, आपल्याला काही सुचवायचं आहे का?"

"माथ्यावर खड्डं नका घेऊ. ती जागा मोकळी न्हाई. गवात हाय."

"हो, ते आम्ही काढूनच घेणार आहोत. आपण काळजी करू नका."

"काढायचं न्हाई! ऱ्हाऊ द्यायचं!"

मागून एक सदरा घातलेले गृहस्थ म्हणाले, "झाडं लावायची नाहीत, तर मग काय सिमेंट लावायचं का?" सगळे हसले.

आमोदराव मात्र हसले नाहीत. चांगला माणूस हो, म्हणून तर सांगतो. म्हणाले, "आजी, तापमान किती वाढलंय बघताय ना? म्हणूनच तर झाडं हवीत."

"तापमान वाढलंय तर मंग रोपटी जळत का न्हाईत वर? आदी जळायची. आता पावसाला काळयेळ ऱ्हायला न्हाई, म्हनून ती जगत्यात. ती आपली आपन चढत्यात सायेब, तुमी आनिक कशाला वर नेताय?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणाला पटलं म्हणून नव्हे. कुणाला कळलंच नाही म्हणून. ती पेंढी टेबलावर, तिची कुसळं टेबलक्लॉथला चिकटलेली, आणि डॉक्टरीणबाई हळूच आपली ओढणी बाजूला घेताहेत. मला वाटलं, यांना या बाईचं वजन कळत नाही. गवत कापणारी म्हातारी समजताहेत. म्हणून मी उठलो. गुरुजींनी भाषणाला उभं केलं की उठायचो तसा उठलो, छाती पुढं काढून.

"तुम्ही कुणाशी बोलताय ठाऊक आहे का?" मी म्हणालो. "चौऱ्याऐंशी साली या टेकडीवरची पहिली झाडं यांनी लावली. डोक्यावर हंडे वाहून जगवली. यांच्याइतकी टेकडी कुणाला कळते?"

मला म्हणायचं होतं, की यांनी लावलं आणि यांना चूक कळली, तर ऐका. पण मला श्वास घ्यायला थांबावं लागलं. वय आहे. आणि तेवढ्यात आमोदरावांचे डोळे भरून आले.

"काय सांगता!" ते म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या. अख्खा हॉल उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी वेणूबाईंचे हात हातात घेतले. पुढचं मी किती ओरडून सांगितलं, पण उभ्या राहिलेल्या माणसांना कोण खाली बसवणार? पाच मिनिटांत ठरलं. पर्यावरणदिनाला त्यांचा सत्कार, आणि माथ्यावरच्या तीनशे झाडांना नाव 'वेणूबाई वन'.

घरी येताना मीच बडबडत होतो. उद्या आमोदरावांना गाठतो, लेखी अर्ज देतो, पोस्टात असताना मी असे अर्ज... त्या आपल्या गल्लीत वळल्या.

आमोदरावांना मी गाठलं, खोटं नाही. चार वेळा. चौथ्या वेळी ते म्हणाले, "काका, आजींच्या भावना आम्ही समजतो. त्यांचं मन राखायला आपण बॅडमिंटन कोर्टाएवढी जागा गवतासाठी ठेवू. पाटीसुद्धा लावू." मी आनंदानं उड्या मारायचाच बाकी होतो. वेणूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शायर कोर्टात ऱ्हाईल का, त्यालाबी इचारा."

बुद्धभूषणला अर्ज लिहायला सांगावं म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. तो दारातच मला भेटला, आणि त्याचा चेहरा बघून मी अर्जाचं नावच काढलं नाही. त्यानं नवा सदरा आणला होता. सत्काराचं निमंत्रणपत्र भिंतीवर फोटोंच्या खाली चिकटवलं होतं, विळ्याच्या खुंटीशेजारी. म्हणाला, "काका, माझ्या आईला आजवर या बिबवेवाडीत कुणी खुर्ची दिली नव्हती." आतून वेणूबाई माझ्याकडं बघत होत्या. मी चहा पिऊन परत आलो.

आणि मे महिन्यात काय झालं ते तुम्हालाही आठवत असेल. उन्हाळा आलाच नाही. अर्ध्या महिन्यापासून पाऊस लागला तो लागला. कूलर माळ्यावर गेले, लोक खूश. मी सत्तावीस तारखेला माथ्यावर गेलो तर पायाखाली जमीन दिसेना. शेंगा नुकत्याच फुटलेल्या, बी भिजलेलं, आणि त्या ऐंशी पावलांत उंदीरमारीची रोपं अशी उगवलेली, जशी परातीत भिजवलेली मटकी. वेणूबाई मधोमध उभ्या होत्या. खुरपं हातात, पण वाकलेल्या नव्हत्या. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा तिथं सरळ उभं बघितलं.

जूनच्या पाच तारखेला सत्कार झाला. शाल, नारळ आणि कुंडीत एक रोप. हो, रोपच! माइक हातात दिला. वेणूबाईंनी समोर पाहिलं. पुढं बुद्धभूषण मोबाईल धरून उभा, आणि पोरगा रडत होता. पन्नाशीचा पोरगा. त्या म्हणाल्या, "ही झाडं म्या लावली. चूक झाली माजी." आणि माइक परत दिला.

आमोदराव भारावून म्हणाले, "पाहा, किती हा विनय!"

टाळ्या. मग तीनशे माणसं, तीनशे खड्डे. गवत आधीच यंत्रानं भुईसपाट केलेलं, पवन्या काय आणि मारवेल काय. नुकतंच हिरवं फुटत होतं ते. बॅडमिंटन कोर्टाची जागा ठेवली होती, पण तिथं मंडप होता. नंतर तिथं पाण्याची टाकी आली, रोपांसाठी. चंडोल दोन दिवस वर जाऊन गात राहिला, हे मी या कानांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी नव्हता.

त्यानंतरही आम्ही जायचो. काय करायला? लोक रोपांना पाणी घालायचे, पाऊस पडत असताना बाटलीनं पाणी घालायचे, आणि आम्ही टाकीच्या कट्ट्यावर बसायचो. येणारा-जाणारा वेणूबाईंच्या पाया पडायचा. त्या पाय आत ओढून घ्यायच्या.

दिवाळी झाली. तरी पाऊस होताच. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी एक बरा दगड शोधला, चुना मारला, आणि पिशवीत घालून वर नेला. म्हटलं, रीत मोडायला नको. माझ्या तोंडानं जे झालं त्याचं एवढं तरी. वेणूबाई पाटीसमोर उभ्या होत्या. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव, आणि मागं कमरेएवढी तीनशे रोपं, त्यांच्या मधे मधे गुडघ्याएवढी उंदीरमारी. खालची झाडी पार टाकीपर्यंत आली होती. गवताची कड शोधायला मी चारी बाजूंनी फिरलो. मला कडच सापडेना. मी दगड हातात धरून विचारलं, "वेणूबाई, तेरावा कुठं ठेवायचा?"

त्यांनी दगड माझ्या हातातून घेतला, पाटीच्या बुडाशी टेकवून ठेवला, जसा काही पाटी वाऱ्यानं हलू नये म्हणून, आणि म्हणाल्या,

"आता दगडाचं काय काम, दादा? चार वर्सांत हितं गच्च सावली पडंल. लोक म्हनत्याल, बरं झालं, बसायला जागा झाली. तुमीबी येत जावा बसायला. पाटीवर माजंच नाव हाय."